साडेसहा आणि सातच्या मध्ये

सुआमेत त्या दिवशी हरमॅटनची धूळ होती,
ऑइलच्या डब्यांवर, केंकीच्या सालींवर, माझ्या पापण्यांवर.
बारिमाची ट्रोट्रो बॉनेट उघडून उभी.
मागच्या काचेवर रंगवलेलं: घाईत देव भेटत नाही.
बारिमा स्वतः मात्र दर पाच मिनिटांनी
मनगट बघून थुंकत होता.

हेडच्या एका भोकातले आटे पार झिजलेले.
वेल्डरने भोक बुजवून दिलं होतं.
त्या नव्या, अजून कोमट अ‍ॅल्युमिनियममध्ये
पुन्हा आठचे आटे पाडायचे.

भिंतीवरच्या तक्त्यात नेमकी आठची ओळ
कुणाच्या तरी सिगारेटने खाल्लेली.
पण हिशेब मला पाठ होता.
आठातून पिच वजा, म्हणजे सव्वा,
उरले पावणेसात,
दुकानात मिळतं ते सहा पॉइंट आठ.
लाकडी पेटीत त्याची खाच रिकामी.
शेजारच्या ब्रेम्पोंगने नेलं होतं,
दोन मिनिटांसाठी,
ईस्टरच्या आधी.

उरले दोघे. अलीकडचं साडेसहा, पलीकडचं सात.

माझी आई केजेटिया बाजारात कपडे शिवते.
तिचं एकच सांगणं: पोमा, कात्री आखडती धर.
कमी कापलेलं पुन्हा कापता येतं,
जास्त कापलेल्यावर रडता येतं फक्त.
मी साडेसहा उचललं.

भोक देखणं पडलं. टॅपला शिया लोणी लावलं,
अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे,
अर्धा पुढे, पाव मागे,
मग हँडल जड झालं.
"झालं का गं?" बारिमा ओरडला,
आणि मी मागे यायचं विसरले.

टक्.

एवढासाच आवाज. विळीवर सुपारी फुटावी तसा.
हातात हँडल, हँडलमध्ये टॅपचं शेपूट,
बाकीचा टॅप आत,
दुकानातल्या सगळ्या ड्रिलांपेक्षा कडक,
हसत असल्यासारखा.

मास्टर अद्दाई काही बोलले नाहीत.
तेच वाईट होतं.
त्यांनी स्टूल ओढलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला,
आणि एका घासलेल्या खिळ्याने
टॅपच्या खोबणींत टिचक्या मारत बसले,
उलट्या दिशेने, हलक्या हाताने,
झोपलेल्याला उठवावं
पण दचकवू नये, तसं.
तीन तास.
बारिमा तोवर मासे खाऊन गाडीखाली घोरायला लागला.

तुकडा निघाल्यावर त्यांनी सात लावलं.
मी म्हणाले, मास्टर, आटे कमी भरतील.
"किती कमी?"
मी जमिनीवर बोटाने गुणाकार केला, ग्रीसमध्ये.
पुरे शंभरातले बासष्ट.
"आणि तुझ्या साडेसहाचे?"
ब्याण्णव.
"मग ते ब्याण्णव कुठे आहेत?"

मी खाली बघितलं. ते एका झाकणात होते,
चार तुकडे आणि थोडा चुरा.

"कापलेला धातू कुठेतरी जायला हवा ना," ते म्हणाले,
"त्याला जागाच नाही ठेवली तू."
आणि लोण्याचा डबा माझ्याकडे सरकवला.

या वेळी टॅप वाकड्या वाटेला गेला नाही.
मागे येताना दर वेळी चुरा सुटल्याचं बोटांना कळायचं,
कणसाचे दाणे सुटतात तसं.
स्टड हाताने बसला, शेवटचे दोन फेरे पान्याने.

टॅपचे चाळीस सेडी माझ्या मजुरीतून गेले,
दर शुक्रवारी दोन.
विसाव्या शुक्रवारी मास्टरांनी एक पुडी दिली,
आत सहा पॉइंट आठ, नवं, तेलात गुंडाळलेलं.
म्हणाले, ब्रेम्पोंगला दाखवू नकोस.

आता शेड माझी आहे. पेटीही.
आईला मी अजून हे सगळं सांगितलेलं नाही,
तिचं कापडापुरतं खरंच आहे.
बारिमाची ट्रोट्रो अजून याच रस्त्याने जाते,
काचेवरचा देव अर्धा उडालाय,
आणि ती चढावर गियर बदलते तेव्हा
मी हातातलं काम थांबवून
कान देते:
त्या स्टडपाशी धूर फुसफुसतोय का.

नाही.
अजून तरी नाही.